पॉट कॉलसाठी लाकडी स्ट्रायकर: लाकूड, टोक आणि जोडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मिझुरीत येऊन चार वर्षं झाली, यंदा पहिल्यांदाच वसंतातल्या टर्कीच्या शिकारीला जायचंय. एक पाटीचा आणि एक काचेचा असे दोन पॉट कॉल घेतलेत, म्हणजे वाटीवर बसवलेली चकती, जिच्यावर स्ट्रायकर नावाची काडी घासून मादी टर्कीचा आवाज काढायचा आणि नराला बोलवायचं. सोबत आलेला स्ट्रायकर पाटीवर बरा बोलतो, पण काचेवर एक तर घसरतो नाहीतर किंचाळतो. दुकानात हिकरी, पर्पलहार्ट, रंगीत थरांचं लॅमिनेट असे पंधरा-वीस स्ट्रायकर मांडलेले आहेत, त्यातलं कोणतं लाकूड घ्यावं? शिवाय आजोळच्या शिसवी पलंगाचा एक मोडका गज तुमच्याकडे आहे, त्याचा स्ट्रायकर होईल का?

मी बावीस वर्षं ओझार्कच्या डोंगरांत टर्की बोलावतोय आणि त्यातली सोळा वर्षं स्ट्रायकर स्वतः लेथवर कातून वापरतोय. म्हणून जरा लांबण लागली तरी नीट सांगतो.

पहिली गोष्ट, लाकडाच्या नावापासून सुरुवात करू नका. आवाज पॉट आणि स्ट्रायकर यांच्या जोडीचा असतो. माझ्याकडचा एक हिकरीचा स्ट्रायकर एका पॉटवर वयस्क मादीसारखा खरखरीत, भरदार येल्प (मादीची नेहमीची हाक) देतो. त्याच मापाच्या दुसऱ्या पॉटवर तोच स्ट्रायकर पातळ आणि नाकात बोलतो. दोन्ही पॉट काळ्या अक्रोडाचे आहेत, दोन्हींवर पाटीच आहे, फरक आहे तो आत बसवलेल्या काचेच्या चकतीच्या उंचीत. वरचा पृष्ठभाग आणि आतली चकती यांच्यामधली पोकळी तेवढ्यानं बदलते आणि आवाजही बदलतो. त्यामुळे ‘पर्पलहार्ट चांगलं की हिकरी’ हा प्रश्न मला कोणी विचारला की मी आधी म्हणतो, पॉट घेऊन या.

हे असं का होतं ते समजून घेतलंत तर पुढची निवड सोपी जाईल. शाळेत पाटीवर लेखण उभी धरून ओढली की अंगावर शहारा आणणारा आवाज निघायचा, आठवतो? पॉट कॉलमध्ये तेच घडतं. टोक पृष्ठभागाला चिकटतं, दांडीवर ताण येतो, ताण वाढला की टोक सुटतं, लगेच पुन्हा चिकटतं. एका सेकंदात हे शेकडो वेळा होतं आणि ती थरथर पृष्ठभागात उतरते, पोकळीत घुमते, खालच्या भोकांतून बाहेर पडते. सारंगीच्या गजाला राळ चोळतात तीही या चिकटण्या-सुटण्यासाठीच. तुमचा स्ट्रायकर काचेवर घसरतो तेव्हा तो चिकटतच नाहीये. किंचाळतो तेव्हा जेमतेम चिकटून फार लवकर सुटतोय. हा दोष बहुतेक वेळा लाकडाचा नसून टोकाचा किंवा काचेच्या पृष्ठभागाचा निघतो. त्यावर पुढे येतोच.

लाकूड निवडताना मी तीन गोष्टी बघतो: कठीणपणा, वजन आणि तेलकटपणा. कठीणपणा मोजायची इथली रूढ पद्धत म्हणजे जान्का. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी अर्धी लाकडात रुतायला किती पौंड जोर लागतो, तो आकडा. पूर्वेकडच्या तांबड्या सीडारचा साधारण ९००, काळ्या अक्रोडाचा १,०१०, हार्ड मेपलचा १,४५०, हिकरीचा १,८२०, पर्पलहार्टचा अडीच हजाराच्या आसपास आणि ईपेचा साडेतीन हजारांच्या घरात. ढोबळ नियम असा की आकडा चढला की आवाज वर जातो, धारदार होतो, लांबवर पोचतो. आकडा उतरला की आवाज मऊ आणि खोल होतो, त्यात हवा जास्त असते. पण हा नियम एकाच आकाराच्या, एकाच वजनाच्या दांड्यांना लागू पडतो. जाड दांडीचं कठीण लाकूड बारीक दांडीच्या मऊ लाकडापेक्षा खालच्या सुरात बोललेलं मी कितीदा ऐकलंय. आकडा दिशा दाखवतो, त्यावर आंधळा विश्वास नको.

एकच स्ट्रायकर घ्यायचा असेल तर हिकरी घ्या. कुऱ्हाडीचे आणि हातोड्याचे दांडे या लाकडाचे करतात, कारण ते चिवट आहे, धक्का खातं आणि तुटत नाही. पाटीवर हिकरीला पर्याय नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पाटी मऊ दगड आहे आणि फार कठीण टोक तिच्यावर चावण्याऐवजी तासत जातं. हिकरीचं टोक मात्र तिला धरतं. येल्पचा पहिला वरचा सूर आणि नंतरचा तुटून खाली येणारा खरखरीत सूर, हे दोन्ही त्यातून सहज निघतात. काचेवर आणि अ‍ॅल्युमिनियमवरही ते चालतं, फक्त थोडं दबलेलं वाटतं. आपल्या आसपासचं जंगल ओक-हिकरीचंच आहे, त्यामुळे हे लाकूड इथं मुबलक मिळतं. विकत घेताना दांडी डोळ्यासमोर धरून फिरवून बघा. रेषा मुठीपासून टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. मध्येच तिरप्या होऊन बाजूला बाहेर पडत असतील तर ती दांडी एक दिवस तिथंच तडकणार, आणि तोवर तिचा आवाजही एकसारखा येणार नाही.

पर्पलहार्ट हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं लाकूड. ताजं कापलं की मळकट तपकिरी दिसतं, उजेड-हवा लागली की काही दिवसांत जांभळं होतं, आणि वर्षानुवर्षं उन्हात राहिलं तर पुन्हा तपकिरीकडे वळतं. रंग पाहून घेऊ नका, आवाज ऐकून घ्या. काचेवर हे लाकूड फार छान बोलतं. सूर वरचा, स्वच्छ, वाऱ्याच्या दिवशी पलीकडच्या धारेपर्यंत जाणारा. सकाळी नऊनंतर वारा उठला, पक्षी गप्प झाले आणि लांबवर हाक मारायची असली की माझा हात आपोआप याच स्ट्रायकरकडे जातो. पाटीवर मात्र मला ते पातळ वाटतं, जवळ आलेल्या नरासाठी तर अजिबात नको.

त्याच कामासाठी आपल्या मातीतलं एक लाकूड आहे, ज्याला इथले शेतकरी नुसतं ‘हेज’ म्हणतात: ओसेज ऑरेंज. ओसेज या इथल्या मूळ जमातीचे लोक याची धनुष्यं करायचे. फ्रेंच व्यापाऱ्यांनी त्याला ‘धनुष्याचं लाकूड’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं. काटेरी तारा येण्याआधी शेताच्या बांधावर याची कुंपणं लावत आणि त्यातली झाडं अजून उभी आहेत. एखाद्या शेतकऱ्याला नम्रपणे विचारलंत तर पडलेली फांदी देईल. कातलं की झगझगीत पिवळं निघतं, पुढे मधासारखं होतं. पर्पलहार्टइतकंच काचेवर चालतं, पण सुरात थोडी जास्त खरखर असते. मला ही खरखर आवडते. खऱ्या मादीचा आवाज क्वचितच शुद्ध असतो.

दुसऱ्या टोकाला सीडार. पूर्वी इथं पाटीच्या तुकड्यावर सीडारची बारीक काडी घासत आणि ती काडी मक्याच्या कणसाच्या बुरकुंडात मूठ म्हणून बसवत. मिझुरीतल्या वॉशिंग्टन गावात १८६९ पासून मक्याच्या बुरकुंडाचे पाइप बनतात, तेव्हा हे सामान इथल्या माणसाला नवं नव्हतंच. बुरकुंड हलकं आणि सच्छिद्र, काडीची थरथर ते दाबत नाही. असा स्ट्रायकर मी अजून एक जवळ ठेवतो. पहाटे नर अजून झाडावर असतो, साठ-सत्तर पावलांवर, तेव्हा झोपेतून उठणाऱ्या मादीची हलकीशी हाक द्यायची असते. त्या वेळी कठीण लाकडाचा आवाज जंगलात खडा मारल्यासारखा वाटतो. सीडार पाटीवर कुजबुजतं. काचेवर त्याचा उपयोग नाही, टोक लगेच गुळगुळीत होऊन घसरतं. तुमच्या सोबत आलेला स्ट्रायकर कुठल्या लाकडाचा ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण हलका आणि तांबूस असेल तर काचेवर तो का घसरतोय याचं अर्धं उत्तर इथंच आहे.

रंगीत थरांच्या लॅमिनेटबद्दल. बर्चचे पातळ पापुद्रे रंगवून, राळ भरून, दाबाखाली एकजीव केलेलं हे लाकूड. शिकाऱ्यांच्या तोंडी असलेलं ‘डायमंडवुड’ व्हरमाँटमधल्या रटलंडला बनायचं. २०१४ मध्ये तो कारखाना जळाला आणि ते उत्पादन थांबलं. आज दुकानात त्या नावानं किंवा तसं दिसणारं जे मिळतं ते बहुधा दुसऱ्यांनी केलेलं तत्सम लॅमिनेट असतं. काही उत्तम असतं, काहींत राळ इतकी असते की टोक काचेवर प्लास्टिकसारखं सरकतं. दमट हवेत मात्र ते साध्या लाकडापेक्षा कमी फुगतं, हा त्याचा खरा फायदा. नावावर जाऊ नका, प्रत्येक नग वाजवून बघा.

मेपल, चेरी, अक्रोड यांवर जास्त वेळ घालवत नाही. मेपल हिकरीच्या जवळपास, थोडा स्वच्छ. अक्रोड आणि चेरी मुठीला सुंदर दिसतात, दांडीला मऊ पडतात.

आता टोक. माझ्या अनुभवात लाकडाच्या जातीपेक्षा टोकाचा आकार जास्त बोलतो. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर घोडीच्या पृष्ठभागावरून केसाएवढा थर काढतात आणि तार एकदम खुलते. स्ट्रायकरचं टोक तितकंच नाजूक प्रकरण आहे. टोक बारीक आणि गोलसर असेल तर पृष्ठभागाला कमी टेकतं, सूर वर जातो, क्लक आणि पर्र हे बारीक आवाज नेमके निघतात. टोक घंटेसारखं खाली पसरलेलं आणि सपाटसर असेल तर जास्त टेकतं, आवाज मोठा आणि खरखरीत होतो, पण बारीक काम अवघड जातं. मी सपाट टोक कधीच ठेवत नाही. सपाट टोकाची कड लागते आणि तिथंच किंचाळी निघते. अगदी हलका घुमट हवा, जुन्या झिजलेल्या बटणासारखा.

तुमच्या किंचाळणाऱ्या स्ट्रायकरवर आधी हाच उपाय करा. १२० नंबरचा पॉलिश पेपर तळहातावर ठेवा, टोक त्यावर उभं टेकवून गोल फिरवा, मग थोडं कलतं करून कडा मारा. टोकावर काळपट चमक असेल तर ती पूर्ण गेली पाहिजे. ती चमक म्हणजे दाबून घट्ट झालेली पाटीची भुकटी आणि हाताचं तेल. पाटीवर वापरलेला स्ट्रायकर काचेवर नेला की ती भुकटी काचेच्या ओरखड्यांत बसते आणि काच मुकी होते. म्हणून पाटीचा स्ट्रायकर पाटीला आणि काचेचा काचेला. माझ्याकडे प्रत्येक पॉटच्या खाली आणि त्याच्या स्ट्रायकरच्या मुठीवर एकच आकडा कोरलेला असतो. अंधारात बोटानं चाचपून कळतो.

काचही तयार करावी लागते. नवी काच गुळगुळीत असते, तिच्यावर कुठलंही लाकूड घसरणारच. ८० नंबरचा कागद किंवा त्यासाठी मिळणारा दगड घेऊन कडेजवळच्या दोन बोटं रुंदीच्या जागेत एकाच दिशेनं जोर लावून घासा, पांढरट धुरकट दिसेपर्यंत. मग स्ट्रायकर त्या ओरखड्यांच्या आडवा ओढा. पाटीला इतकी मारामारी नको, भांडी घासायच्या हिरव्या घासणीनं हलकं पुसलं की पुरे. बोट दोन्हीकडे लावायचं नाही. आणि बॉक्स कॉलला, म्हणजे लाकडी पेटीच्या कडेवर झाकण घासून वाजवायच्या कॉलला, लावतात तो खडू पॉटवर कधीही नको.

एक चूक मी स्वतः केली ती सांगतो, म्हणजे तुम्हाला करावी लागणार नाही. पहिल्या वर्षी कातलेले सगळे स्ट्रायकर मी मुठीपासून टोकापर्यंत लॅकरमध्ये बुडवले. घरात ते बोलले, कारण एका जागी लॅकर झिजलं होतं. हंगामाच्या पहिल्या सकाळी दंव पडलं होतं. नरानं ओढ्यापलीकडून दोनदा उत्तर दिलं आणि माझा स्ट्रायकर बर्फावरच्या बुटासारखा सरकत राहिला. तिसऱ्यांदा त्यानं उत्तर दिलं तेव्हा तो वर चढून लांब गेला होता. त्या दिवसापासून मी शेवटचा एक इंच कोरा ठेवतो. विकत घेतलेल्या स्ट्रायकरचं टोक नखानं खरवडून बघा. चकचकीत पापुद्रा निघाला तर तो आधी पूर्ण काढा.

लांबी आणि वजन तुमच्या हातावर आहे. साडेसात-आठ इंच ही बहुतेकांची लांबी. जड मूठ मागे ओढते आणि येल्प ओढून-ताणून येतो. फार हलकी असेल तर हात थरथरला की आवाजात उतरतं. पेन्सिलसारखा धरा, टोकापासून दीडेक इंचावर बोटं ठेवा, टोक पृष्ठभागावरून उचलू नका. बोटं टोकाकडे सरकवलीत तर सूर चढतो, मुठीकडे नेलीत तर उतरतो. पॉटच्या कडेजवळ सूर वर, मधोमध खाली. हे चार बदल एकाच स्ट्रायकरवर करून पाहिल्याशिवाय दुसरा विकत घेऊ नका.

दुकानात जाल तेव्हा दोन्ही पॉट सोबत न्या आणि एक माणूसही न्या. स्वतःच्या मांडीवर वाजणारा आवाज आणि तीस पावलांवर ऐकू येणारा आवाज यांत फार फरक असतो. हाताशी कानाला कर्कश वाटणारी खरखर लांबून नेमकी मादीसारखी वाटते, आणि हाताशी गोड वाटणारा स्वच्छ आवाज लांबून शिट्टीसारखा. दुसऱ्याला वाजवायला सांगा, तुम्ही गाड्या लावायच्या जागेच्या टोकाला जाऊन पाठ करून उभे राहा. कोणतं लाकूड वाजतंय ते त्यानं सांगू नये. मी असं ऐकून निवडलेले स्ट्रायकर अजून वापरतो. रूप पाहून घेतलेले बरेचसे फळीवर पडून आहेत.

तुमच्या दोन पॉटसाठी माझा सल्ला: पाटीला थोडं पसरलेल्या टोकाची हिकरी. काचेला बारीक टोकाचं पर्पलहार्ट किंवा ओसेज ऑरेंज, जे कानाला पटेल ते. तिसरा हवाच असेल तर पाटीसाठी सीडारचा हलका. पावसासाठी लाकडाच्या भरवशावर राहू नका. ओलं लाकूड ओल्या पाटीवर बोलत नाही, तिथं कार्बन किंवा अ‍ॅक्रिलिकची दांडी लागते आणि पृष्ठभागही काचेचा किंवा धातूचा. लाकडी स्ट्रायकर तेव्हा प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत, बुटांच्या खोक्यातून येते ती सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

सराव घरात करा, गाडीत करा. हंगामाआधी जंगलात जाऊन वाजवू नका, पक्षी सावध होतात आणि तुमच्याबरोबर इतरांचाही हंगाम बिघडतो. मिझुरीत टर्की इतकी कमी झाली होती की १९३७ मध्ये शिकार बंद करावी लागली. पकडून दुसरीकडे सोडलेल्या पक्ष्यांनी जंगल पुन्हा भरलं आणि १९६० मध्ये हंगाम परत सुरू झाला. आज जे मिळतंय ते इतक्या कष्टानं परत आलेलं आहे. आणि हो, मुठीला लाल, पांढरा, निळा रंग नको. वसंतात नराचं डोकं याच रंगांचं असतं, आणि झाडीत हलणारा तो रंग दुसऱ्या शिकाऱ्याच्या नजरेला पडणं धोक्याचं आहे.

आता पलंगाचा गज. शिसव म्हणजे भारतीय रोझवुड, हिकरीपेक्षा चांगलंच कठीण. इतकी वर्षं घरात मुरलेलं लाकूड आता फारसा आकार बदलणार नाही, त्याहून चांगला माल विकत मिळत नाही. पण आधी टोकाशी कापून आत बघा. कडेचं फिकट लाकूड किडीनं पोखरलेलं असू शकतं, गाभ्याचं काळपट जांभळट लाकूड तेवढं घ्या. जुन्या कातीव गजाला मध्ये मध्ये बारीक खाचा असतात, तिथं लाकूड कमी उरतं. सलग आठ इंच जिथं मिळेल तिथूनच दांडी काढा. चंद्रसाचं पॉलिश असेल तर स्पिरिटनं निघेल. लेथवर मास्क लावा, रोझवुडची भुकटी अनेकांच्या श्वासाला आणि कातडीला त्रास देते.

शिसवीची अडचण तिचं तेल. टोक कातून झालं की अ‍ॅसिटोनच्या फडक्यानं पुसा, सुकू द्या, पॉलिश पेपर मारा, आणि हे दोन-तीनदा करा. पहिल्या हंगामात तेल पुन्हा वर येईल, तेव्हा खिशात कागदाचा तुकडा ठेवा. पाटीवर ती दबकी बोलेल. काचेवर वाजवा, टोक बारीक ठेवा. पर्पलहार्टपेक्षा गडद, थोडा घशातला येल्प मिळेल. २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया या शिसवीच्या वंशातल्या सगळ्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा करार) नियंत्रण आहे, त्यामुळे पुढे कधी स्ट्रायकर करून देशाबाहेर विकायचा विचार आला तर आधी कागदपत्रं बघावी लागतील. स्वतः वापरण्यासाठी मात्र जरूर करा.

गज साधारण सव्वा इंच जाड असेल तर त्यातून एकच दांडी निघेल, म्हणून पहिला हात त्यावर चालवू नका. आधी हिकरीच्या चार दांड्या काता, काचेवर वाजवा, टोकाचा कोणता घुमट तुमच्या पॉटला मानवतो ते ठरवा, त्याचा पुठ्ठ्यावर साचा कापून ठेवा. मग शिसव लेथला लावा.